‘तांत्रिक मुद्द्यावर सुटले’ म्हणण्याआधी

खुनात जन्मठेप झालेला आरोपी हायकोर्टातून सुटला की बातमीखाली प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. साक्षीदारांच्या जबाबात जरा इकडचं तिकडं झालं म्हणून सुटला, तांत्रिक मुद्दा, वकिलाची कमाल. हे वाचून दर वेळी वाईट वाटतं. प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या साक्षीवरच खटला उभा असेल आणि ती साक्षच जुळत नसेल, तर त्या माणसाला जन्मभर आत ठेवायला मागे उरतं काय?

नाशिकचं प्रकरण घ्या. ५ जून २००३ च्या रात्री एका शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला, बलात्कार झाले, पाच जणांचे जीव गेले. आई आणि मुलगा जखमी होऊन वाचले आणि तेच मुख्य साक्षीदार ठरले. भटक्या जमातीतल्या सहा जणांवर खटला चालला. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे फेरविचार याचिकेत तो निकाल मागे घेतला गेला, अपिलं नव्यानं ऐकली गेली आणि ५ मार्च २०१९ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं सहाही जणांना निर्दोष सोडलं.

त्या निकालातला सगळ्यात जड मुद्दा पहिल्यापासून कागदावरच होता. जखमी आईनं सुरुवातीलाच पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या फोटोंतून चार जणांना ओळखलं होतं. ते चौघं या सहांपैकी नव्हते. त्यांच्यावर दोषारोपपत्र नाही, खटला नाही आणि का नाही याचं पटेल असं उत्तरही नाही. नंतरच्या ओळख परेडमध्ये, म्हणजे संशयिताला इतरांसोबत उभं करून साक्षीदाराकडून ओळखून घेतात तिथे, त्याच साक्षीदारानं या आरोपींकडे बोट दाखवलं. सर्वोच्च न्यायालयानं त्या चौघांबाबत पुढील तपासाचा आदेश दिला, चुकलेल्या तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचं पाहायला सांगितलं आणि सहाही जणांना प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. जवळजवळ सोळा वर्षं गेली. ज्या बाईनं घरातली माणसं गमावली, तिलाही यातून न्याय मिळाला नाही. याला तांत्रिक मुद्दा कोण म्हणेल?

आता उलट बाजू. साक्षीत फरक दिसला की आरोपी सुटतो, हाही गैरसमज आहे. एका ठिकाणी खोटा ठरलेला साक्षीदार सगळीकडे खोटा, हा नियम आपल्या न्यायालयांनी स्वीकारलेला नाही. साक्ष सुपात घेऊन पाखडायची, दाणे ठेवायचे, फोलपटं उडवायची, ही आपली रीत. सर्वोच्च न्यायालयानं १९५७ च्या वडिवेलू थेवर खटल्यात साक्षीदारांचे तीन वर्ग सांगितले: पूर्ण भरवशाचा, अजिबात भरवशाचा नसलेला आणि मधला. पहिल्या वर्गातल्या एकट्याच्या साक्षीवरही शिक्षा टिकते. खरी डोकेदुखी मधल्याची. त्याला दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याचा आधार शोधावा लागतो.

दोघांपैकी एक म्हणतो चार घाव घातले, दुसरा म्हणतो सहा. यानं काही बिघडत नाही, जीव वाचवायला पळणारा माणूस घाव मोजत बसत नाही. दोघांचे जबाब शब्दाला शब्द जुळले तरच मनात शंका यायला हवी. पण कोणी मारलं, कशानं मारलं आणि साक्षीदार तिथे होता का, या तीन गोष्टींत फरक पडला तर खटल्याचा पायाच हलतो. आरोपीचं नाव फिर्यादीत नाही, पोलिसांकडच्या जबाबात नाही आणि दोन वर्षांनी कोर्टात पहिल्यांदा येतं, याला विस्मरण म्हणता येत नाही.

अपिलात सगळ्यात जास्त नुकसान कुठे होतं ते नीट सांगतो, कारण हे लोकांना कोणी सांगत नाही. पोलिसांनी घेतलेला जबाब हा स्वतः पुरावा नसतो. बचाव पक्षाला तो साक्षीदाराला खोडण्यापुरताच वापरता येतो, आणि त्यासाठी खटल्यातच दोन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली पायरी उलटतपासातली. जबाबातलं नेमकं वाक्य साक्षीदाराला दाखवून विचारायचं. तो म्हणाला, ‘हा मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलेला नाही’, की त्या भागाला ‘अ’ अशी खूण होते. जबाबात नसलेली गोष्ट तो कोर्टात सांगत असेल, तर उत्तर बहुधा असं येतं: ‘मी सांगितले होते, पोलिसांनी का लिहिले नाही याचे कारण सांगता येणार नाही.’ दुसरी पायरी तपासी अंमलदाराची. जबाब त्यानंच लिहिलेला असतो, म्हणून ‘अ’ भाग साक्षीदारानं सांगितला तसाच लिहिला का, किंवा अमुक गोष्ट त्यानं सांगितलीच नव्हती का, हे त्याला विचारून घ्यायचं. त्यानं ‘हे म्हणणे खरे आहे’ म्हटलं की तफावत सिद्ध झाली.

दुसरी पायरी राहून गेली तर पहिली वाया जाते. अपिलात वकील जबाबाची प्रत फडफडवत उभा राहतो आणि न्यायमूर्ती विचारतात, ‘हे सिद्ध कुठे केलंय?’ त्यावर उत्तर नसतं. जबाबात न आलेली गोष्टही महत्त्वाची असेल तर ती विसंगतीच, हे १९५९ च्या तहसीलदार सिंग निकालापासून पक्कं आहे. पण तीही याच वाटेनं सिद्ध करावी लागते. सत्र न्यायालयातला वकील तारखेच्या घाईत असतो, तपासी अंमलदाराची बदली झालेली असते, तो दोन तासांसाठी येतो आणि हे प्रश्न राहतात. त्याची किंमत आरोपी वर्षानुवर्षं मोजतो.

जखमांचंही तसंच. साक्षीदार म्हणतो कुऱ्हाड मारली आणि शवविच्छेदनात डोक्यावर कापलेली नाही, फाटलेली जखम निघते. लगेच साक्षीदार खोटा ठरत नाही. कुऱ्हाड बोथट बाजूनं लागलेली असू शकते. याच्या उलटही होतं: डोक्याची कातडी हाडावर ताणलेली असल्यामुळे काठीचा फटकाही कापल्यासारखा दिसतो. भिंगातून पाहिलं तर कडा चेचलेल्या आणि केसांची मुळं चिरडलेली दिसतात. हा प्रश्न डॉक्टरांना खटल्यातच विचारला तर अपिलात उपयोग. डॉक्टरांच्या मतानं डोळ्यांनी पाहिलेलं आपोआप खोटं ठरत नाही, सांगितलं ते घडणं अशक्यच असेल तर मात्र ठरतं.

रात्रीच्या घटनेत आधी उजेड शोधायचा. घटनास्थळाच्या पंचनाम्यात खांब, बल्ब, अंतर लिहिलंय का? साक्षीदार ‘चांदण्यात ओळखलं’ म्हणत असेल तर त्या तारखेचं पंचांग उघडायचं. शुद्ध पंचमीचा चंद्र रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास मावळतो. घटना एक वाजताची असेल तर ते चांदणं कुठून आलं? ओळख परेडचंही पंचनाम्यावरून तपासायचं. आपल्याकडे पाळायची पद्धत अशी, की एका संशयितासोबत किमान सहा आणि दोघांसोबत दहा-बारा सारख्या दिसणाऱ्या व्यक्ती उभ्या करायच्या, दोनपेक्षा जास्त संशयित एका परेडमध्ये घ्यायचे नाहीत आणि पोलिसांनी खोलीत थांबायचं नाही. परेडआधी साक्षीदाराला आरोपी किंवा त्याचा फोटो दाखवला गेला असेल तर त्या ओळखीत दम राहत नाही.

मरणोत्तर पंचनामा, म्हणजे प्रेत पाहून पोलिसांनी पंचांसमोर केलेली नोंद, लोक वाचतच नाहीत. त्यात फिर्याद नोंदल्यावर मिळणारा गुन्हा नंबर कोरा असेल किंवा वेगळ्या शाईनं नंतर भरलेला दिसत असेल, तर फिर्याद खरंच त्या वेळी लिहिलेली होती का, हे विचारायलाच हवं. फिर्यादीची प्रत दंडाधिकाऱ्यांकडे कधी पोहोचली, ते त्याला जोडून बघायचं. मधले तास नावं ठरवण्यात गेले असण्याची शक्यता तिथे दिसते.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो एकाच साच्यातल्या जबाबांचा. पाच साक्षीदारांचे जबाब संगणकावर नाव बदलून छापलेले, शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा त्याच. कोर्टात ते पाच जण आपापल्या भाषेत बोलतात आणि मग तफावत पडणारच. जबाबाचं ध्वनिचित्रमुद्रण करायला कायद्यानं २००९ पासून मोकळीक आहे, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. खुनाच्या तपासात ते सक्तीचं करा, ही माझी मागणी आहे. त्यानं निर्दोष माणूस वाचेल आणि खऱ्या साक्षीदाराला ‘असं म्हणालोच नव्हतो’ हे छातीठोकपणे दाखवता येईल.

शिक्षा झालेल्याच्या घरच्यांसाठी दोन गोष्टी. निकालाची प्रत आरोपीला मोफत मिळते. जन्मठेपेविरुद्ध हायकोर्टात अपील करायची मुदत ६० दिवस, फाशीविरुद्ध ३० दिवस. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफ करून घेता येतो. वकिलाला पैसे नसतील तर तुरुंगातूनच अपील पाठवता येतं. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा समितीचा मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अपिलासोबत शिक्षा स्थगित करून जामिनाचा अर्जही करा, सुनावणीला वर्षं लागतात.

आणि पेपरबुक, म्हणजे अपिलासाठी बांधलेला खटल्याच्या कागदांचा संच, हातात आलं की आधी मूळ मराठी साक्ष काढा. जिल्ह्यात साक्ष मराठीत नोंदवली जाते आणि हायकोर्टात तिचं इंग्रजी भाषांतर वाचलं जातं. ‘मी त्याला मारताना पाहिलं’, या वाक्यात ‘तो’ मारणारा की मार खाणारा? मराठीत आगापिछा पाहून कळतं. भाषांतर करणाऱ्यानं एक अर्थ निवडला की दुसरा कागदावरून नाहीसा होतो. मराठी पान आणि इंग्रजी पान शेजारी ठेवा, ओळीवर बोट ठेवून वाचा, आणि अर्थ फिरलेला दिसला तर निशाणी क्रमांक (कोर्टानं त्या कागदाला दिलेला नंबर), परिच्छेद आणि ओळ लिहून सुनावणीआधी वकिलाच्या हातात द्या.