‘१५ लाख गुंतवा, महिन्याला दीड लाख कमवा’: फ्रँचायझीच्या हिशेबात काय काय गाळलंय

दर काही महिन्यांनी शब्द थोडे बदलून एक मेसेज ग्रुपांवर फिरत असतो. त्याचा मजकूर साधारण असा: ‘नोकरीमागे किती धावणार? ब्रँडेड वडापाव-बर्गर आउटलेटची फ्रँचायझी घ्या. गुंतवणूक फक्त १५ लाख. मालावर ६५ टक्के मार्जिन. महिन्याला दीड लाख निव्वळ, १० महिन्यांत पैसे वसूल. रॉयल्टी शून्य. कंपनी सगळं बघते, नोकरी सांभाळून करा. स्वतंत्र हॉटेलं दहातली नऊ बंद पडतात, फ्रँचायझी दहातल्या नऊ चालतात.’ खाली फोन नंबर आणि ‘तुमच्या शहरात दोनच जागा शिल्लक’.

यातलं प्रत्येक वाक्य धादांत खोटं आहे असं मी म्हणणार नाही. गोम अशी आहे की यातले आकडे कंपनीच्या बाजूने मोजलेले आहेत. कंपनी कमावते तुम्हाला दुकान लावून देण्यावर आणि माल विकण्यावर. तुम्ही कमावता सगळ्यांचं देऊन झाल्यावर जे उरेल त्यावर.

आधी ते १५ लाख. कंपनीच्या कागदावर त्याची फोड साधारण अशी असते: फ्रँचायझी फी ३ लाख, इंटिरियर ६, मशिनरी ५, उद्घाटन आणि किरकोळ १. बारीक अक्षरात ‘टॅक्स वेगळा’. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर फी, इंटिरियर आणि मशिनरी मिळून २ लाख ५२ हजार होतात. इतर धंद्यात हा कर पुढे वळता करून घेता येतो. रेस्टॉरंटला येत नाही. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी आहे आणि इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे खरेदीवर भरलेला कर गेला तो गेलाच. मग जागेचं डिपॉझिट. महिना ५० हजार भाडं आणि सहा महिन्यांचं डिपॉझिट धरलं तर ३ लाख. ते परत मिळतं खरं, पण तोवर अडकून राहतं. दलालाचं एक महिन्याचं भाडं ५० हजार. दुकान लागेपर्यंत दोन महिने भाडं चालूच, करासह १ लाख १८ हजार. आणि पहिल्या तीन-चार महिन्यांची तूट भरून काढायला निदान ३ लाख हाताशी हवेत. बेरीज केली तर वरचे १० लाख २० हजार झाले. १५ चे २५ असे होतात. थ्री-फेज मीटर, चिमणीचं धुराडं गच्चीपर्यंत न्यायला सोसायटीची परवानगी, फायरची एनओसी यांचा खर्च मी यात धरलेलाही नाही.

हे वरचे १० लाख बहुतेक जण कर्जाने उभे करतात. हे लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

‘६५ टक्के मार्जिन’ हा आकडा रेसिपीच्या कागदावरचा असतो. एका बर्गरला पाव किती, पॅटी किती, सॉस किती, याची बेरीज विक्रीच्या किमतीच्या ३५ टक्के. त्यात डबा, पिशवी, टिश्यू, सॉसची पुडी नसते. संध्याकाळी उरलेला पाव नसतो, पोरांचं जेवण नसतं, ‘एकावर एक फ्री’मधला दुसरा नसतो. आणि तेल! भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातले एकूण पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही. दिवसभर फ्रायर चालणाऱ्या दुकानात तेल किती वेळा बदलावं लागतं ते फ्रायरवर उभ्या असलेल्या मुलाला विचारा, सेल्सवाल्याला नको. हे सगळं धरून मालाचा खर्च ४४ टक्क्यांवर गेला तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही.

आता मुख्य हिशेब मांडू. आकडे मी धरलेले आहेत. तुमच्या गावचे घाला, रीत तीच राहील. दिवसाला १०० बिलं, सरासरी १४० रुपयांचं बिल. रोज १४ हजार, महिन्याला ४ लाख २० हजार. ऐकायला बरं वाटतं. त्यातले २० हजार जीएसटीचे, ते आपले नव्हेतच. राहिले ४ लाख. माल आणि पॅकिंग १ लाख ७६ हजार. भाडं ५० हजार आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे ५९ हजार. (घरमालक जीएसटीत नोंदलेला नसला तरी सुटका नाही. ऑक्टोबर २०२४ पासून तो कर रिव्हर्स चार्जने भाडेकरूच्या माथी आला आहे. काहींना कळतं ते नोटीस आल्यावर.) चार मुलांचा पगार आणि राहण्याची सोय ८० हजार. वीज आणि गॅस २८ हजार. ॲपवरून २० टक्के धंदा आणि त्यावर २५ टक्के कमिशन धरलं तर करासह २३ हजार ६००. दुरुस्ती, पेस्ट कंट्रोल, बिलिंगचं सॉफ्टवेअर, सीएची फी, कार्ड मशीन मिळून १२ हजार. उरले २१ हजार ४००.

१० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता येतो २१ हजार ७०० च्या आसपास.

म्हणजे दुकान भरलेलं दिसतं, कामगारांना पगार मिळतो, मालकाला भाडं मिळतं, बँकेला हप्ता मिळतो, कंपनीचा माल खपतो आणि तुम्ही पदरमोड करून घरी जाता. शिवाय स्वतः गल्ल्यावर बसलात तर त्या बारा तासांचा मोबदला यात कुठेच नाही.

मग दीड लाखवाला कुणीच नाही का? आहे. याच दुकानात दिवसाला २०० बिलं घाला. भाडं तेच राहतं. माल दुप्पट झाला, पगार १ लाख २० हजारांवर गेला, वीज-गॅस ४२ हजार, ॲप ४७ हजार, किरकोळ २० हजार धरलं तरी हप्त्याआधी जवळजवळ १ लाख ६० हजार उरतात. मेसेजमधला आकडा इथला आहे! फक्त २०० बिलं म्हणजे बारा तास दर साडेतीन-पावणेचार मिनिटांनी एक गिऱ्हाईक, सोमवारी दुपारी चार वाजतासुद्धा, धो धो पावसातसुद्धा. आणि इतकं सगळं पहिल्या दिवसापासून जमलं तरी २५ लाख सुटायला सोळा महिने लागतात, दहा नाही. अशी दुकानं स्टेशनबाहेर, कॉलेजच्या फाटकासमोर, आयटी पार्कच्या तोंडाशी असतात; तिथे भाडंही ५० हजार नसतं.

‘रॉयल्टी शून्य’, म्हणजे विक्रीतला ठरलेला टक्का कंपनीला द्यायचा नाही, याचा एवढा आनंद मानू नये. कंपनीला कुठून तरी पैसा यायला हवाच, तो मालातून येतो. करारात लिहिलेलं असतं की पॅटी, मसाला, सॉस, कप, पिशव्या सगळं कंपनीकडूनच घ्यायचं. दर कंपनी ठरवणार, कधीही बदलणार. यात लबाडीच असते असं नाही. अमेरिकेतल्या डॉमिनोजच्या मूळ कंपनीच्या एकूण महसुलातला अर्ध्याहून मोठा वाटा दुकानांना कणीक, चीज पुरवण्यातून येतो. पण ते जाहीर ताळेबंदात दिसतं. आपल्याकडच्या कंपनीला एवढंच विचारा की हीच पॅटी बाजारात किलोला काय पडते. ६ टक्के रॉयल्टी घेऊन खरेदीची मोकळीक देणारा ब्रँड कित्येकदा स्वस्त पडतो.

‘नोकरी सांभाळून’बद्दल फार लिहीत नाही. ज्या काउंटरवर मालक नसतो तिथे कंपनीच्या क्यूआर कोडशेजारी कधी तरी दुसराच क्यूआर कोड चिकटतो. चीज स्लाइसचं पाकीट किती बर्गरला पुरलं हे रोज रात्री मोजणारं माणूस घरचं हवं. ‘कंपनीच चालवेल, तुम्हाला दरमहा ठरलेली रक्कम’ अशी हमी देणारे करार तर मी हॉटेलधंद्यात धरतच नाही. ती रक्कम नव्या फ्रँचायझींच्या फीतून येत असेल, तर नवे येणं थांबलं की तीही थांबते.

दहातल्या नऊ बंद पडण्याचं वाक्य अमेरिकेतून आलंय आणि तिथेही ते टिकलेलं नाही. २००३ साली अमेरिकन एक्स्प्रेसच्या एका टीव्ही जाहिरातीत सांगितलं गेलं की ९० टक्के रेस्टॉरंट पहिल्याच वर्षी बुडतात. एच. जी. पारसा या प्राध्यापकांनी आधार विचारला, तो मिळाला नाही. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ओहायोतल्या कोलंबस शहरातल्या १९९६ ते १९९९ च्या नोंदी तपासल्या आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापले. पहिल्या वर्षी साधारण २६ टक्के बंद. तीन वर्षांत स्वतंत्र रेस्टॉरंटांपैकी ६१ टक्के आणि साखळी-फ्रँचायझीतली ५७ टक्के. फरक एवढाच, चार टक्क्यांचा. कोलंबसचा आकडा कोल्हापूरला जसाच्या तसा लागू होणार नाही हे कबूल, पण ‘फ्रँचायझी म्हणजे खात्री’ याला त्यातून आधार मिळत नाही.

मोठ्या नावाखालीही वादळं येतात. २०१७ मध्ये मॅकडोनाल्ड्सने उत्तर आणि पूर्व भारतातल्या आपल्या भागीदार कंपनीचा १६९ दुकानांचा करार रद्द केला. तो तंटा मिटायला २०१९ उजाडलं. आणि मेसेजमध्ये डॉमिनोज, केएफसीची नावं असतील तर पुढे वाचूच नका. भारतात डॉमिनोज ज्युबिलंट फूडवर्क्स चालवते, केएफसी देवयानी आणि सफायर या कंपन्या, पश्चिम-दक्षिणेत मॅकडोनाल्ड्स वेस्टलाइफ. १५ लाखांत तुमच्या तालुक्याला यातलं काही मिळत नाही. मिळतं ते बनावट वेबसाइटवरून बँक खात्याचा नंबर.

अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी २३ प्रकरणांचं माहितीपत्र द्यावं लागतं. किती दुकानं उघडली, किती बंद पडली, हेही त्यात असतं. कमाईचा आकडा सांगायचा तर तोही तिथेच, आधारासकट. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही, त्यामुळे ही चौकशी आपणच करायची. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून तिचे ताळेबंद बघता येतात. चालू दुकानाच्या बिलावर जीएसटी नंबर असतो. तो जीएसटी पोर्टलवर टाकला की रिटर्न वेळेवर भरली जातायत की मध्येच थांबलीत ते फुकटात दिसतं. बंद पडलेल्या दोन-तीन दुकानदारांचे नंबर कंपनीकडे मागा. ‘आमचं एकही बंद नाही’ असं उत्तर आलं तर मॅपवर ‘कायमचे बंद’ अशी पाटी शोधा.

आणि बिलं किती होतात हे कुणालाही न विचारता कळतं. दुकान उघडल्या उघडल्या एक चहा घ्या, बिल खिशात ठेवा. रात्री शटर पडायच्या आधी दुसरा घ्या. बिलाचे क्रमांक सलग असावे लागतात, वजाबाकी करा. टोकन नंबर रोज एकपासून सुरू होतो, तो नको. वरचा इन्व्हॉइस नंबर बघा. ॲपची बिलं वेगळ्या मालिकेत असू शकतात, म्हणून तासभर बाहेर उभं राहून डिलिव्हरीवाले मोजा. हे मंगळवारी करा. कंपनीचा माणूस आउटलेट दाखवायला नेतो तो बहुधा रविवारी संध्याकाळी सात वाजता.