कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाताना काय पाहाल

आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारात कान-नाक-घशाचा डॉक्टर कसा निवडतात? कुणाच्या तरी मेहुण्याला कुणाचा तरी गुण आलेला असतो, तिकडे जायचं. नाहीतर सरळ नाशिक धरायचं, आणि नवापूर-नंदुरबारकडचे असाल तर सुरत. माझं मत स्पष्ट सांगतो: औषध लिहिण्याआधी जो आत नीट बघतो, तो डॉक्टर धरा. कान, नाक, घसा ही तिन्ही अंधारी जागा. तिथे बघायला उजेड आणि यंत्र लागतं, नुसतं ऐकून निदान होत नाही.

आधी कागद. लेटरहेडवर एमबीबीएसच्या पुढे एमएस (ईएनटी, म्हणजे कान-नाक-घसा), डीएनबी किंवा डीएलओ असं या विषयाचं पुढचं शिक्षण हवं, आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. डीएलओ ही पदविका आहे, पण वर्षानुवर्षं कान बघणारे उत्तम डीएलओ डॉक्टर तालुक्याच्या गावांत आहेत, तेव्हा तेवढ्यावरून नाक मुरडू नका. आयुर्वेदातली शालाक्यतंत्राची (डोळे-कान-नाक-घशाची) एमएस ही वेगळ्या शाखेची पदवी आहे. कुणाकडे जातोय ते माहीत असावं एवढंच.

आता कान. खान्देशात सगळ्यात जास्त तक्रार हीच: "पोऱ्याना कान वाहस." बऱ्याच ठिकाणी काय होतं, तर बॅटरी मारून पू दिसला की थेंब आणि गोळ्या लिहून मोकळे. पण पुवाखाली पडदा दिसतच नाही. आधी सक्शनने पू ओढून कान कोरडा करायचा आणि मग मायक्रोस्कोपखाली किंवा एंडोस्कोपने (बारीक दुर्बिणीने) पडदा बघायचा, हा क्रम आहे. म्हणून डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "भोक पडद्याच्या मध्ये आहे, की वरच्या भागात, कडेला?" ज्यांनी खरंच बघितलंय ते लगेच सांगतील, बहुतेक कागदावर गोल काढून दाखवतील.

हा प्रश्न महत्त्वाचा का? मधल्या भोकातून साधारण भरपूर, शेंबडासारखा, फारसा वास नसलेला स्राव येतो. तो औषधाने थांबतो, आणि कान कोरडा राहिला की भोक बुजवायचं ऑपरेशन सवडीने करता येतं. वरच्या किंवा कडेच्या भोकातून मात्र थोडासाच, पण घाण वासाचा पू येतो. तिथे कोलेस्टिॲटोमा असू शकतो, म्हणजे पडद्याची कातडी आत वाढत जाते आणि हाड कुरतडते. त्याच हाडातून चेहऱ्याची नस जाते, आणि वर मेंदूचं आवरण आहे. वाहणाऱ्या कानासोबत तोंड वाकडं होणं, चक्कर, जबर डोकेदुखी किंवा ताप आला, तर थेंबांवर दिवस काढू नका.

थेंबांचंही बघा. पडद्याला भोक असताना जेंटामायसिन, निओमायसिन असलेले थेंब आतल्या कानाला इजा करू शकतात. घरात उरलेली जुनी बाटली दुसऱ्या पोराच्या कानात टाकणं त्यासाठीच बंद करा. लसणाचं गरम तेलही नको. पावसाळ्यात कान नुसता खाजतो, दडे बसतात, आत काळे-पांढरे ठिपके दिसतात, ती बहुधा बुरशी असते. अँटिबायोटिकचे थेंब लांबवले की ती वाढते. आधी साफ करून मग बुरशीचं औषध, असाच तिचा इलाज.

ऐकण्याची तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री, कुठे करतात ते स्वतः खोलीत जाऊन बघा. खोली आवाजबंद हवी. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि काही ठिकाणी कूलर चालू ठेवून चाचणी उरकतात. त्या घरघरीने 250 आणि 500 हर्ट्झचे बारीक आवाज दबतात आणि कान आहे त्यापेक्षा अधू दाखवला जातो. त्या चाचणीच्या आलेखावर (ऑडिओग्रामवर) कानाचं मशीन विकलं जातं. नीट चाचणीत दोन्ही कानांची हेडफोनने, 250 ते 8000 हर्ट्झपर्यंत तपासणी होते, आणि मग कानामागच्या हाडावर छोटं यंत्र टेकवून पुन्हा होते. ही हाडाची चाचणी गाळली, तर दोष पडद्यात किंवा कानातल्या बारीक हाडांत आहे की नसेत, हे कळणारच नाही. चाचणी करणाऱ्याकडे ऑडिओलॉजीची (श्रवणशास्त्राची) पदवी आणि आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी हवी. गावात "मोफत श्रवण शिबिर" लागलं आणि कानातला मळ न काढताच मशीन पुढे केलं, तर पैसे देऊ नका. मळाच्या बोळ्यानेही ऐकू कमी येतं.

एका बाबतीत मात्र निवडत बसायचं नाही. सकाळी उठलात आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर "हवा भरली असेल" म्हणून आठवडा घालवू नका. तोंड मिटून हं... असा आवाज काढा. तो बंद वाटणाऱ्या कानात जास्त घुमला तर मळ, सर्दी असं काही असण्याची शक्यता जास्त. चांगल्या कानात घुमला तर नसेचा दोष असू शकतो. हा घरचा अंदाज झाला, निदान नाही, त्यामुळे डॉक्टरकडे जायचंच. नसेच्या दोषात स्टेरॉइड पहिल्या काही दिवसांत सुरू झालं तर उपयोग जास्त, दोन आठवड्यांनंतर आशा कमी होत जाते. जवळ जो ईएनटी असेल तो गाठा.

नाकाच्या डॉक्टरकडे एंडोस्कोप आहे का ते विचारा. "नाकातला पडदा वाकडा आहे, ऑपरेशन करा" हे वाक्य फार स्वस्त झालंय. थोडाफार वाकडा पडदा पुष्कळांचा असतो. श्वासच कोंडत असेल तर ऑपरेशनचा फायदा होतो, पण कापसाच्या जिनिंगच्या धुळीने येणाऱ्या शिंका आणि वाहणारं नाक त्याने थांबत नाही. ती ॲलर्जी. तिला नाकातला स्टेरॉइड स्प्रे लागतो, आणि तो कसा मारायचा हे दाखवणारा डॉक्टर लागतो: मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेरच्या बाजूला. पडद्यावरच मारत राहिलं की रक्त येतं आणि लोक औषध सोडून देतात. नाक मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिनचे थेंब मात्र पाच-सात दिवसांवर नकोत. पुढे त्यांनीच नाक बंद होतं.

घशाचं थोडक्यात. आवाज तीन आठवड्यांवर बसलेला असेल, आणि त्यातून तंबाखू-बिडी असेल, तर दुर्बिणीने स्वरयंत्र बघितलंच पाहिजे. न बघता सिरप बदलत राहणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. तोंडातली न भरणारी जखमही याच हिशोबात धरा.

ऑपरेशन ठरलं की गाव कोणतं, हा प्रश्न येतो. कानाचा पडदा बसवायचं ऑपरेशन (टिंपॅनोप्लास्टी) जळगाव-धुळ्यात करून घ्यावं असंच मी म्हणेन. साधारण आठवड्याने टाके, मग काही आठवड्यांनी पडदा धरला का ते बघणं, तीनेक महिन्यांनी पुन्हा ऑडिओमेट्री, एवढ्या खेपा असतात. यावल-रावेरहून मुंबईला त्या होत नाहीत, आणि मध्येच कान वाहू लागला तर बघायला कुणी नसतं. मॅस्टॉइडचं, म्हणजे कोलेस्टिॲटोमासाठी कानामागचं हाड कोरायचं ऑपरेशन असेल तर मात्र अंतर बघू नका. जो सर्जन ते नेहमी करतो त्याच्याकडे जा. "तुमच्याकडे ही ऑपरेशनं नेहमी होतात का, चेहऱ्याच्या नसेला धोका किती?" हे सरळ विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

पैशांची अडचण असेल तर धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला (दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला) आधी विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. जुने ऑडिओग्राम आणि सीटीच्या फिल्म फेकू नका, तारखेप्रमाणे लावून न्या, कारण ऐकणं घटतंय की तसंच आहे हे आलेख शेजारी ठेवूनच कळतं.