नौपाड्यात पडलेला बर्फ

खरा बर्फ मी आयुष्यात दोनच ठिकाणी पाहिलाय: फ्रीजरमध्ये आणि गोळेवाल्याच्या रंध्याखाली. एवढ्या भांडवलावर मी 1812 सालचा रशियन हिवाळा ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत उतरवायला निघालो.

चिमुकले सैनिक रंगवायचे आणि पटावर लढवायचे, हा माझा छंद. उंची 28 मिलिमीटर. आईच्या मते "या वयात बाहुल्या". नेपोलियन सुमारे 6 लाखांची फौज घेऊन रशियात घुसला आणि थंडी, उपासमार, रोगराई यांनी पार मोडून परतला. त्यातले 24 जण माझ्या ताब्यात आहेत. निळे कोट, छातीवरचे पांढरे पट्टे, सगळं रंगवून झालं होतं. पायाखालची चकती मात्र नुसतीच काळी.

आधी रांगोळी आणली, जांभळी नाक्यावरून. गोंद लावून शिंपडली. पण माणूस 28 मिलिमीटरचा झाला की बाकीचं जगही साठपट लहान करावं लागतं, हे कुठे लक्षात होतं! रांगोळीचा एकेक कण त्या बिचाऱ्यांना बोराएवढी गार. मग कापूस. गणपतीच्या मखरात बाबा कापसाचा हिमालय करायचे, तो शंकराला शोभायचा. माझे फ्रेंच सैनिक फाटक्या गादीतून बाहेर पडल्यासारखे दिसले.

शेवटी खायचा सोडा. पांढरा गोंद, थोडा पांढरा रंग आणि सोडा एकत्र करून श्रीखंडाइतकं घट्ट कालवायचं, जुन्या ब्रशने चकतीवर थापायचं आणि ओलं असतानाच वरून कोरडा सोडा गाळणीने भुरभुरायचा. गाळणी चहाची होती. यावर घरात जे झालं ते मी इथे लिहीत नाही.

सोडा उडतो म्हणून पंखा बंद. मे महिना, दुपारी तीनची वेळ. नेपोलियनचं सैन्य गोठत होतं आणि माझ्या कपाळावरचा घाम टपकन मॉस्कोच्या रस्त्यावर पडत होता. जिथे थेंब पडे तिथे बर्फात खड्डा. मी त्याला तोफगोळ्याचे खड्डे म्हणून टाकलं. पण संध्याकाळी सगळे 24 ओळीत उभे केले आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. आई आली, चष्मा वर करून बघितलं, म्हणाली, "ढोकळ्याला सोडा उरलाय का?"

जुलैत कपाट उघडलं तर बर्फ पिवळा. हा सोडा-गोंदाचा बर्फ काही दिवसांनी पिवळा पडतो, हे जुन्याजाणत्यांना ठाऊक असतं; म्हणून ते काचेची बारीक भुकटी वापरतात. मला हे कळलं ते सैन्य हळदीत उभं राहिल्यावर. त्यात आमच्याकडे पावसाळ्यात मीठ बाटलीतून बाहेर यायला नकार देतं, तिथे सोड्याची काय कथा. कडेकडेने त्याला चिकट पाणी सुटलं होतं.

"पांढरं पिवळं पडलं तर नीळ घालतात," बायको सहज म्हणाली. "तुझ्या बनियनना काय घालते मी?"

मला ते फारच शास्त्रशुद्ध वाटलं. शिवाय बर्फाच्या सावलीत निळसर झाक असतेच, चांगले रंगारी ती मुद्दाम देतात. वाटीभर पाण्यात अर्धा थेंब टाकायचा होता. बाटलीने चार टाकले. आता, पिवळ्यावर निळं चढवलं की काय होतं हे चौथीतल्या चित्रकलेच्या तासाला शिकवतात. त्या दिवशी मी बहुधा गैरहजर होतो.

संध्याकाळी शेजारचे काका छत्री झटकत आले. टेबलावर वाकून त्यांनी बराच वेळ निरखलं. हिरवट चिखल, त्यात पाय रुतलेले, पाठीवर ओझी घेतलेले, माना खाली घातलेले 24 जण.

"वा! पावसाळी ट्रेक हुबेहूब जमलाय रे. येऊरचा डोंगर ना?"

मी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"हो काका," मी म्हटलं, "येऊरच."