द्राक्षाचं औषध, गांजाचा धूर

कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर आहे. बहुतेक प्रांतांत घरी चार झाडं लावता येतात, त्यामुळे इथल्या आपल्या मंडळींतही भुरीवरचे, म्हणजे पानांवर पांढरी पिठी आणणाऱ्या बुरशीवरचे, सल्ले फिरू लागलेत. सध्याचा मेसेज मायक्लोब्युटानिल या बुरशीनाशकाचा: ‘भुरी आली की मायक्लोब्युटानिल मारा. द्राक्षावर चालतं म्हणजे सुरक्षितच. काढल्यावर धुतलं की संपलं. सायनाइडची भीती उगाच पसरवलीय. तेही नको असेल तर गंधक वापरा, ते नैसर्गिक आहे.’

मी द्राक्षबागेत वाढलोय. पानावरची पांढरी पिठी बोटानं पुसायची आणि चार दिवसांनी तिथंच पुन्हा बघायची, हे लहानपणापासून चालत आलंय. म्हणून पहिलं वाक्य वाचूनच डोकं फिरलं.

द्राक्षावर चालतं, खरंय. आमच्याही बागेत मारलंय. पण परवानगी नुसत्या औषधाला नसते. कुठलं पीक, किती मात्रा, काढणीच्या किती दिवस आधी, हे सगळं धरून ती मिळते. वडील कॅलेंडरवर फवारणीला गोल करायचे आणि तिथून पीएचआयचे, म्हणजे फवारणी आणि काढणी यांत सोडायचे, दिवस मोजायचे. तो हिशेब घड खाणाऱ्या माणसासाठी असतो. धूर मात्र पोट आणि यकृत टाळून फुफ्फुसातून सरळ रक्तात जातो. कॅलिफोर्नियाच्या नियमात हा फरक आकड्यातच दिसतो: मायक्लोब्युटानिलची मर्यादा खायच्या मालात ग्रॅममागे 9 मायक्रोग्रॅम, ओढायच्या मालात 0.1. नव्वद पट! आणि फवारलेलं काही धुरात येतच नाही, असं म्हणायलाही जागा नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काचेच्या चिलमीतून ओढलेल्या धुरात कीडनाशकांचा 69.5 टक्क्यांपर्यंत अंश उतरला होता. त्या यादीत मायक्लोब्युटानिल नव्हतं, पण अंदाज यायला तेवढं पुरे.

धुण्याचं तर विचारूच नका. हे औषध आंतरप्रवाही आहे, पानात शिरतं, म्हणून तर भुरीवर लागू पडतं. आत गेलेलं नळाखाली कसं निघणार? त्यात गांजाचं फूल चिकट राळेनं भरलेलं. त्याचा अर्क काढला तर फुलातलं औषधही त्याच्याबरोबर घट्ट होत जातं.

सायनाइडबद्दल मात्र मेसेजवाल्याचं अर्धं बरोबर आहे. मायक्लोब्युटानिल जळलं की हायड्रोजन सायनाइड निघतं, हे खरं. 2016-17 मध्ये इथल्या परवानाधारक उत्पादकांच्या मालात हे औषध सापडलं आणि माल परत मागवला गेला. तेव्हा हेल्थ कॅनडानंच सांगितलं होतं, की त्या नमुन्यांतून येणारं सायनाइड गांजाच्या धुरात एरवी असतं त्याच्या हजारपटीहून कमी आहे. म्हणजे ‘एक झुरका आणि खेळ खलास’ हाही बाजारगप्पांचाच प्रकार. पण तो हिशेब त्या नमुन्यांत सापडलेल्या अत्यल्प अंशांचा होता. काढणीला आठ दिवस उरले असताना घरच्या पंपानं अंदाजे मारलेल्या फवाऱ्याला तो कसा लावणार?

गंधक नैसर्गिक आहे, हेही खरं. जाळलं की सल्फर डायऑक्साइड होतं, तेही तितकंच नैसर्गिक. फुलोऱ्याआधी पानांवर गंधक चालतं, पण 32 अंशांच्या वर पानं करपतात, आणि तेलाची फवारणी झाली असेल तर दोन आठवडे गंधकाला हात लावायचा नाही. द्राक्षवाल्याला हे नव्यानं सांगावं लागत नाही. फुलांवर मात्र अजिबात नको, गंधकाचा वास आणि चव दोन्ही फुलात बसतात.

मग करायचं काय? झाडं दाटीनं ठेवू नका, खालची पानं काढा, पंखा फिरता ठेवा. पोटॅशियम बायकार्बोनेट लवकर, पहिला डाग दिसताच मारा. या पिकासाठी इथं मंजूर असलेलंच घ्या, लेबल वाचून. आणि फुलावरच भुरी चढली असेल तर फांदी कापायची, पिशवीत बांधायची आणि कचऱ्यात टाकायची. चार झाडांतलं एक गेलं, तर गेलं.