साडेसातीपुरते पिल्लू

कुत्र्याचे पिल्लू फुकट द्यायला निघालेल्या माणसाइतका संशयास्पद माणूस पुण्यात दुसरा नसावा. मी आठ हजार रुपये सांगितले असते, तर लोकांनी घासाघीस करून ते पाच हजारांना नेले असते आणि वर चारचौघांत आपल्या व्यवहारचातुर्याचे कौतुकही केले असते, पण ‘फुकट’ म्हटल्याबरोबर फोनवरचा आवाज बदलतो आणि “का बरं? काही खोड आहे का?” असा प्रश्न येतो. खोड आहे, पण ती पिल्लाला नसून मला आहे, असे उत्तर मी अलीकडे देऊ लागले आहे.

कर्वेनगरातल्या एका बांधकामावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांआड पावसात कुडकुडत बसलेली ही काळीभोर मादी मी घरी आणली, तिला जंताचे औषध पाजले, पहिली लस टोचून घेतली आणि छातीवरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून तिचे नाव टिकली ठेवले. पूर्वपीठिका एवढीच. ती आमच्याकडेच का राहत नाही, असे विचारणाऱ्यांसाठी सांगते, की आमच्या घरात आधीच एक म्हातारा कुत्रा आहे. त्याचे हृदय अधू आहे, आणि शेपटीला लोंबकळणारे पिल्लू हा त्याच्या औषधोपचाराचा भाग नाही.

चौकशा पुष्कळ आल्या. “लॅब्राडॉर आहे का?” नाही. “निदान मिक्स?” नाही. देशी आहे म्हटल्यावर बहुतेक जण देशीचे मनापासून समर्थन करतात. 2020 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये भारतीय कुत्र्यांची तारीफ केल्यापासून तर हे समर्थन फारच वाढले आहे, फक्त समर्थकाला देशी म्हणजे नावाजलेला शिकारी मुधोळ हवा असतो, कर्वेनगर नको असतो. मुळशीकडे फार्महाऊस असलेल्या एका सद्गृहस्थांनी मात्र जात विचारली नाही. “गेटपाशी बांधून ठेवू, शनिवार-रविवार आम्ही असतोच,” असे ते म्हणाले. मी सोमवार ते शुक्रवारचे विचारले, तेव्हा “अहो, राखण तेव्हाच हवी ना!” हे त्यांचे उत्तर तर्कशुद्ध असल्याचे मला मान्य करावे लागले.

जे यातूनही उरतात, ते “मादी नको” या दोन शब्दांवर गळतात. मादी वर्षातून साधारण दोनदा माजावर येते आणि त्रेसष्ट दिवसांत पाच-सहा पिल्ले देते, हे खरे. पण नसबंदी नावाची शस्त्रक्रिया असते आणि ती झाली की हा प्रश्न उरत नाही, हे एरवी जगातल्या प्रत्येक विषयावर माहिती असलेल्या माणसांना नेमके याच बाबतीत माहीत नसते. गोणीत घालून घाटात किंवा मंडईमागे सोडलेल्या पिल्लांत मला तरी माद्याच जास्त दिसत आल्या आहेत. त्यांना सोडणारे लोक घरी “आम्ही मुलगा-मुलगी भेद करत नाही” असे म्हणत असतील, याबद्दल मला शंका नाही.

अशा परिस्थितीत गेल्या शनिवारी सकाळी एक गृहस्थ आले. इस्त्रीचा सदरा, गळ्यात दत्ताचे लॉकेट, हातात कापडी पिशवी. त्यांनी फोनवर जात विचारली नव्हती, नर की मादी हेही विचारले नव्हते; “काळं आहे ना?” एवढेच विचारले होते. इतका निर्मळ माणूस इतक्या दिवसांत भेटला नव्हता, म्हणून मी सकाळी टिकलीला आंघोळ घातली होती.

गृहस्थ बसले नाहीत. त्यांनी मोबाईलचा दिवा लावला आणि टिकलीला उताणे करून तिची तपासणी सुरू केली. छातीशी येताच दिवा थांबला.

“हे काय?”

“ठिपका आहे.”

“हा जातो का?”

“कुठे?”

“नाही, म्हणजे वय वाढलं की?”

वय वाढले की पांढरे वाढते, जात नाही, हे मी माझ्याच केसांकडे बोट दाखवून सांगितले. त्यांनी सुस्कारा सोडला आणि मग खरे कारण बाहेर आले. त्यांची रास मेष. 29 मार्च 2025 रोजी शनी मीन राशीत आला आणि यांची साडेसाती सुरू झाली. बढती अडली, जावयाने बोलणे सोडले, पार्किंगमध्ये गाडीला दोनदा ओरखडा पडला. त्यावर गुरुजींनी उपाय सांगितला होता, की घरात काळा कुत्रा पाळावा आणि तो संपूर्ण काळा असावा.

“एक मिनिट हं, ताई, गुरुजींनाच दाखवतो,” असे म्हणून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. गुरुजी कुठल्याशा वास्तुशांतीत होते. मागे धूर होता आणि कोणी तरी खोकत होते.

“पोटाकडून दाखवा,” गुरुजी म्हणाले. दाखवले. “आता पंजे.” तेही दाखवले. तेवढ्यात टिकलीने फोनची काच पुढून मागून चाटली आणि पलीकडे गुरुजी दचकून मागे सरकले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. सोवळे इंटरनेटवरूनही मोडते, हे मला नवीन होते.

“पांढरं आहे, साहेब. पांढरं म्हणजे चंद्र. काळ्यावर पांढरं म्हणजे शनी-चंद्र एकत्र. विषयोग होतो तो.”

“छातीवरच?” गृहस्थांनी दोन बोटे टिकलीपासून लांब घेतली.

“छातीवर म्हणजे फारच.”

“डाय लावला तर, गुरुजी?”

“ग्रहांना कळतं.”

इथे मी गप्प राहायला हवे होते, असे माझ्या नवऱ्याचे मत आहे. मला ते मान्य नाही. मी म्हटले, दत्तमहाराजांच्या चित्रात चार कुत्री असतात आणि बहुतेक चित्रांत त्यांतले एक तरी पांढरे असते, तिथे कसे चालते? धुरातून शांतपणे उत्तर आले, “ते वेद आहेत, बाई.”

मग मी हिशेबाचे विचारले. साडेसाती साडेसात वर्षांची असते. देशी कुत्रा नीट सांभाळला तर बारा-चौदा वर्षे सहज जगतो. तर मधल्या पाच-सहा वर्षांचे काय? गृहस्थांनी यावर विचार केलेला होता. “तेव्हा तुमच्याकडे परत आणून देऊ की. तुम्ही करताच हे काम.” मी रद्दीचे दुकान चालवत असल्यासारखे ते हे सहजपणे म्हणाले, आणि त्यात आपण काही वावगे बोललो, याची जाणीव त्यांच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडली नाही.

कॉल संपवताना गुरुजींनी सवलत दिली. पाळायला हे पिल्लू चालणार नाही. मात्र शुद्ध काळा मिळेपर्यंत याला शनिवारी पोळी घालायला हरकत नाही, थोडे तरी फळ मिळतेच. तेव्हा ती पिशवी उघडली. आत स्टीलचा डबा आणि डब्यात मोहरीच्या तेलाने निथळणारी पोळी. “अहो, तिला तेलकट चालत नाही, डॉक्टरांनी—” एवढे मी म्हणते तोवर “थोडंच आहे हो, देवाचं आहे” असे म्हणत त्यांनी अख्खी पोळी पुढे धरली आणि जन्माची उपाशी टिकली ती न चावता गिळून मोकळी झाली. गृहस्थांनी डोळे मिटून तिला नमस्कार केला, माझ्या बेसिनवर साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि प्रसन्न मुद्रेने निघून गेले.

त्या रात्री सतरंजी, पायपुसणे आणि दिवाणाची एक बाजू यांवर जे झाले, त्याचे वर्णन सभ्य लेखनात बसत नाही. रविवारी दवाखान्यात जादा फी पडते. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाची भीती असलेल्या वयात पिल्लाचे पोट बिघडले, की डॉक्टर तपासणी केल्याशिवाय सोडत नाहीत आणि ते योग्यच आहे. तपासणीत मोहरीचे तेल निघाले. शनीचे फळ मेष राशीला आणि बिल कर्वेनगरला.

मला चीड येते ती या गृहस्थांची नव्हे. निदान त्यांची एकट्यांची नव्हे. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेऊ इच्छिणाऱ्याला महापालिकेकडे अर्ज करायची मुभा दिली आहे, तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही या अटीवर. तेव्हापासून “एवढं प्रेम असेल तर घरी न्या” हे वाक्य मला लिफ्टमध्येसुद्धा ऐकायला मिळते. घरी न्यायला तयार असलेले एक तरुण जोडपे टिकलीला खरोखर मिळाले होते. त्यांनी तिच्यासाठी वाडगासुद्धा घेतला होता. पण घर भाड्याचे, आणि त्यांच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी “आमच्याकडे कुत्रे चालत नाहीत, ठराव आहे” असे सांगितले. बहुमतानेही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 सालीच कळवले आहे. मी ते पत्रक छापून त्या मुलीला दिले. तिने ते घडी घालून पर्समध्ये ठेवले आणि म्हणाली, “काकू, करार अकरा महिन्यांचा आहे.” यावर कोणते पत्रक द्यायचे?

टिकलीचे पोट आता बरे आहे, ती भात-अंडे खाते आणि दुसऱ्या लसीची तारीख जवळ आली आहे. काल, शुक्रवारी रात्री, गृहस्थांचा मेसेज आला: “ताई, उद्या कुत्री आहे ना? कोणी नेली असल्यास त्यांचा पत्ता पाठवावा. सकाळी नऊच्या आत बरे पडते.” मी त्यांना दवाखान्याच्या बिलाचा फोटो पाठवला. त्यावर हात जोडल्याचे चित्र आले.