समुद्र आहे, मासे नाहीत

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या हॉलमध्ये समुद्र होता. तीन फूट लांब, वर निळा दिवा. घरी येणारा प्रत्येक जण चपला काढता काढताच त्याच्यापुढे वाकायचा, काचेला नाक लावायचा आणि विचारायचा, "मासे कुठायत?"

"अजून आणले नाहीत."

"मग ते कोपऱ्यात काय पडलंय?"

"कोळंबी."

"हलत नाहीये."

"मेलेली आहे. मुद्दाम टाकलीये."

यावर पाहुणा काही न बोलता सोफ्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचा.

आता यात माझी काय चूक? खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे आधी सोडायचेच नसतात. आधी पाणी 'तयार' करायचं असतं. मासा जे काही विसर्जन करतो त्यातून अमोनिया होतो, आणि तो माशालाच मारतो. एका जातीचे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते मात्र मासे बऱ्यापैकी सोसतात. ही साखळी सुरू होण्याला 'सायकल होणं' म्हणतात. विनोग्रॅडस्की नावाच्या रशियन माणसाने 1890 च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. ते टाकीत यावेत म्हणून त्यांना अमोनियाचं जेवण घालावं लागतं, आणि अमोनियाचा सगळ्यात सोपा स्रोत म्हणजे सडणारी कोळंबी. मला बारावीला केमिस्ट्रीत 41 मार्क होते. तरी मी हे सगळं समजून घेतलं, हे नोंदवून ठेवतो.

आम्ही मूळचे मालवणचे. त्यामुळे विरोध घरातूनच सुरू झाला. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहे, तेव्हा इथे समुद्र हाताने करावा लागतो: लिटरला साधारण 35 ग्रॅम खास मीठ, म्हणजे 150 लिटरला सव्वापाच किलो. साधं मीठ चालत नाही, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे मंडळी नसतात. हे काकांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, हयसर सगळो समुद्र फुकट आसा, आणि तू पुण्यात बसान मीठ इकत घेतस?" पाणीही नळाचं चालत नाही, क्लोरीन असतो. मग स्वयंपाकघरातला आरओ दिवसभर चालवला. जितकं पाणी टाकीत गेलं त्याच्या दुप्पट तरी वाया जाणाऱ्या नळीतून बादल्यांत आलं. ते फेकवेना म्हणून त्या रविवारी आमच्या फरशा चार वेळा पुसल्या गेल्या.

कोळंबी टाकली. तिसऱ्या दिवशी वास आला, पाचव्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू विचारून गेल्या. मी टेस्ट किट उघडलं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, एका बाटलीचे आठ थेंब, दुसरीचे आठ थेंब, पाच मिनिटं थांबायचं आणि जो रंग येईल तो सोबतच्या तक्त्याशी ताडून पाहायचा. पिवळा आला तर अमोनिया नाही, हिरवा होत गेला तर आहे. ऐकायला सोपं आहे. नळी ट्यूबलाइटखाली धरली तर पिवळी, खिडकीत धरली तर हिरवी, टाकीच्या निळ्या दिव्यापाशी धरली तर मी स्वतःच हिरवा.

शेवटी आईला हाक मारली. आईने चाळीस वर्षं ब्लाउजपीस मॅचिंग केलेलं आहे. तिने नळी दारात नेली, मागे पांढरा रुमाल धरला, डोळे बारीक केले.

"हा पोपटी नाही. पिस्त्यावर जातोय."

"तक्त्यात बघ ना. 2 का 4?"

"तुमच्या तक्त्यात पिस्ता नाहीच आहे. हे चार रंग कोणी ठरवले?"

त्या दिवसापासून आमच्या वहीत आकडे राहिले नाहीत. 'सोमवार: पिस्ता. बुधवार: पिस्ता, जरा गडद. शुक्रवार: शेवाळी.' शेवाळीला मी घाबरलो, कारण तो तक्त्याच्याही पलीकडचा होता. अमोनिया इतका चढला की ज्यांच्यासाठी पंगत मांडली ते जिवाणूच गुदमरतात म्हणे. अर्धं पाणी बदललं. म्हणजे पुन्हा आरओ, पुन्हा फरशा.

तीन आठवडे झाले तरी पिस्ता ढळेना. जिवाणूंची महागडी बाटली ओतून झाली. हे जिवाणू खडकावर वस्ती करतात. खरा प्रवाळखडक आणायची सोय नाही, कारण प्रवाळ आपल्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत बसलेत. माझे दगड सिरॅमिकचे, भट्टीतून आलेले, स्वच्छ आणि निर्जीव. मी रात्री बारापर्यंत मोबाइलवर कारणं शोधत बसायचो. एका रात्री आई दूध झाकायला उठली.

"काय झालंय नेमकं?"

मी सगळं सांगितलं. जिवाणू, खडक, अमोनिया.

"म्हणजे तू दूध तापवून नुसतंच ठेवलंयस," ती म्हणाली. "विरजण कुठाय?"

"बाटली ओतली ना."

"बाटलीतलं दही कधी नीट लागलंय? ज्याच्या घरी लागलंय त्याच्याकडून चमचाभर आण."

दुसऱ्या दिवशी मी एका मासेवेड्या ओळखीच्या माणसाकडे गेलो. त्याने त्याच्या जुन्या टाकीच्या फिल्टरमधले मूठभर सिरॅमिक तुकडे पिशवीत घालून दिले, टाकीच्याच पाण्यात बुडवून. 'सुकू देऊ नका, तापू देऊ नका.' एप्रिलच्या दुपारी मी रिक्षात ती पिशवी पदराखाली बाळ धरावं तशी रुमालाखाली धरून आणली. आठवड्याभरात अमोनियाची नळी लिंबू झाली आणि नायट्राइटची जांभळी. आईने जांभळाला 'वांगी' लिहिलं. मी पेढे आणले.

पेढे घाईचे ठरले. आम्ही दोघं लग्नाला गेलो असताना बाबांनी घर आवरलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना काहीतरी चकचकीत करायचं असतं. फिल्टरचा स्पंज 'अगदी बुळबुळीत झाला होता' म्हणून त्यांनी तो नळाखाली धरून, पिळून, उन्हात वाळत घातला. दोरीवर माझ्या बनियनशेजारी माझी अर्धी जिवाणूवस्ती वाळत होती. बाबा म्हणाले, "बघ, नव्यासारखा झाला." मी म्हटलं, "हो." आणखी काय म्हणणार? वहीत पुन्हा पिस्ता लिहिला.

मधे मीठही चढलं. उन्हाळ्यात टाकी रोज लिटरभर आटायची आणि मी इमानाने मिठाचं पाणी भर घालायचो. घनता 1.025 हवी, ती 1.030 वर गेली. आईला हे कळल्यावर तिने कपाळाला हातच लावला. "आमटी आटली तर वरून पाणी घालतो का मीठ?" आटतं ते पाणी, मीठ तिथेच राहतं. 41 मार्कांत हेही बसायला हवं होतं.

सातव्या आठवड्यात अमोनिया लिंबू, नायट्राइट आकाशी, म्हणजे दोन्ही शून्य. पण नायट्रेटही शून्य! मग अमोनियाचं झालं काय, हवेत गेला? दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी किटचा कागद भिंग लावून वाचला: नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवावी, तिच्यातलं रसायन तळाशी बसतं. मी तिला सात आठवडे देवघरातल्या गंगाजलासारखी हळुवार हाताळत होतो. हलवली, तर नळी एकदम शेंदरी.

शनिवारी दोन क्लाउनफिश आणायचं ठरलं. त्याच सकाळी मासेवाली दारात आली. आई नेहमीसारखा कोळंबीचा वाटा घेत होती. मासेवालीने सवयीने एक जास्तीची उचलून वेगळी धरली, "ही तुमच्या टाकीला."

"नको गं आता," आई म्हणाली. "आमचं नायट्राइट शून्यावर आलं."

मासेवालीने वाटा पिशवीत ओतला आणि काळजीने आत डोकावली.

"जपा हं वहिनी. माझ्या जावेची साखर पण अशीच एकदम खाली आली होती."