साहेब ‘टर्न इन’ करतोय

‘आय अ‍ॅम टर्निंग इन नाऊ,’ असा न्यू जर्सीच्या साहेबाचा मेसेज सकाळी साडेआठला आला, तेव्हा मी हिंजवडीला जाताना चांदणी चौकात अडकलो होतो. टर्न इन म्हणजे जमा करणं, हे मला शाळेपासून पाठ. म्हणजे ज्या रिपोर्टसाठी आम्ही चार दिवस ताटकळलो होतो, तो साहेब एकदाचा देतोय! ऑफिसात वर्दी दिली. सात जण स्क्रीनपुढे बसले. दहा वाजले, बारा वाजले, डबे उघडले, धुऊन ठेवले. साहेब काही देईना. संध्याकाळी विचारलं, तर म्हणाला, ‘झोपायला जातोय म्हणून सांगितलं होतं की!’ तिकडे तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते.

इंग्रजी क्रियापदांबद्दल माझी तक्रार नाही. पुट, टर्न, गो ही तशी घरंदाज मंडळी. पण शेपटीला अप, ऑफ, आऊट चिकटलं की ओळखच देत नाहीत. लाइट ‘गोज ऑफ’ म्हणजे जाते, हे पुणेकराला गुरुवारी समजावून सांगावं लागत नाही. पण अलार्म ‘गोज ऑफ’ म्हणजे बोंबलतो, दूध नासतं आणि बॉम्ब फुटतो!

मला खरं बुडवलं ते मीटिंगने. आपण मीटिंग पुढे ढकलतो, तेव्हा ती उशिरा होते. साहेबाने गुरुवारची मीटिंग एक दिवस ‘ब्रिंग फॉरवर्ड’ केली. फॉरवर्ड म्हणजे पुढे. मी शुक्रवारी कडक इस्त्रीत हजर. मीटिंग बुधवारीच उरकलेली. पुढच्या खेपेला ‘पुश बॅक’ आलं. मागे ढकलली म्हणून एक दिवस आधी जाऊन बसलो, तर ती दुसऱ्या दिवशीही नव्हती, तिसऱ्या दिवशी होती. त्यापेक्षा आपला देशी ‘प्रीपोन’ बरा. त्याला लोक हसतात, पण वेळेवर पोचतात.

शेवटी अप्पा बळवंत चौकात जाऊन कोश मागितला. दुकानदार म्हणाले, ‘जाड घ्या. वाचला नाहीत तरी उशाला होतो.’ आणला. पण ऑक्सफर्डच्या कोशकारांना एकट्या ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ सापडलेत, हे कळल्यावर तो खरोखरच उशाला गेला. त्यात घरची बोली निराळीच. आत्याचे उकडीचे मोदक खाऊन आमची मुलगी ‘सिक!’ म्हणाली. हल्लीच्या पोरांत ‘सिक’ म्हणजे झकास, पण आत्या ओवा शोधायला उठली.

मग साहेबच महिनाभर पुण्यात आला आणि हौसेने मराठी शिकू लागला. मी मनातून खूश. त्याला म्हटलं, हं, आता ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, डोळा लागतो. स्वारगेटला बस लागते आणि ज्यांना बस लागते, ते खिडकीची जागा पकडतात. साहेब वहीत उतरवून घेत होता. ‘पत्ता लागला म्हणजे सापडला?’ हो. ‘शोध लागला म्हणजेही सापडला?’ बरोबर. त्याने दोन्हींखाली रेघ मारली.

रविवारी तो एकटाच सदाशिव पेठ बघायला गेला. तासाभराने फोन आला, ‘हरवलो आहे.’ कुठल्या बोळात, ते त्याला सांगता येईना. मग मेसेज आला, तोही देवनागरीत: ‘माझी वाट लागली!’

मी जेवणावरून उठलो. हेल्मेट राहिलं, स्कूटर काढली, एकदा वन-वेत उलटा शिरलो. पावती फाडून नागनाथ पाराशी पोचलो, तर साहेब अमृततुल्यच्या बाकावर मजेत चहा पीत बसलेला.

‘लागली ना वाट?’ म्हणाला. ‘मीच शोधली. कुणाला विचारलंही नाही.’